इंग्रजीत 'डेक्कन' लिहिताना: कुठलं, कधीचं आणि कोणाचं

मराठीतला इतिहासाचा मजकूर इंग्रजीत नेणाऱ्याला 'दख्खन' हा शब्द फार सोपा वाटतो. डी, ई, दोनदा सी, ए, एन. झालं काम. प्रत्यक्षात गडाच्या पायथ्याच्या माहितीफलकापासून विद्यापीठातल्या प्रबंधापर्यंत सगळ्यात जास्त घोळ याच शब्दाचे सापडतात. याचं कारण असं की इंग्रजीत 'द डेक्कन' नावाचा एकच ठरलेला प्रदेश नाही. हा शब्द विजापूरच्या आदिलशाहीला लागला, मोगलांच्या सहा सुभ्यांना लागला, निजामाच्या हैदराबादला लागला, मुंबई इलाख्यातल्या घाटावरच्या जिल्ह्यांना लागला, भूगोलाच्या पुस्तकातल्या अख्ख्या पठाराला लागला आणि पुण्यातल्या एका बसथांब्यालाही लागला.

अनुवादक, गाइड, गावाचा किंवा घराण्याचा इतिहास इंग्रजीत लिहिणारे आणि जुनी इंग्रजी कागदपत्रं चाळणारे यांना रोज लागतील अशा क्रमाने पुढे सांगतो आहे. व्याकरण तिसऱ्या पायरीला येईल. त्याआधी अर्थ पक्का करायला हवा, कारण अर्थ चुकला तर बिनचूक व्याकरणाने फक्त चूक नीटनेटकी दिसते.

पायरी १: समोर कोण उभं आहे ते पाहा

हे दिशेवरून पडलेलं नाव आहे. संस्कृत 'दक्षिण', प्राकृत 'दक्खिण', त्यावरून हिंदुस्तानी 'दक्खिन' किंवा 'दखन', आणि तिथून युरोपीय भाषांत. दिशा नेहमी कुणाच्या तरी जागेवरून मोजली जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनातही हेच आहे. भडोचच्या पुढे किनारा दक्षिणेकडे वळतो, म्हणून त्या भागाला 'दखिनबदेस' म्हणतात, कारण तिथल्या भाषेत 'दखनोस' म्हणजे दक्षिण, असं तो लेखक सांगतो. हा आपला 'दक्षिणापथ'. नाणेघाटातल्या लेखात सातवाहन राजाला 'दक्षिणापथपती' म्हटलं आहे तोच. ग्रीक खलाशी भडोचमध्ये उभा राहून बघत होता, दिल्लीचा बादशहा दिल्लीतून बघत होता, मुंबईचा गोरा कारकून मुंबईतून. तिघांची दक्षिण एक कशी असेल?

म्हणून वाक्यात 'डेक्कन' दिसला की पहिला प्रश्न हा: या लेखकाच्या मनात याच्या विरुद्ध बाजूला काय आहे? १८८६ मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशानेही या शब्दाचा उलगडा असाच केला आहे, आणि माझ्या मते त्याहून चांगली युक्ती अजून कुणी सांगितलेली नाही.

समोर 'हिंदुस्थान' असेल, तर डेक्कन म्हणजे ढोबळमानाने नर्मदेच्या दक्षिणेचा सगळा मुलूख. फारसी तवारिखा, मोगल फर्मानं आणि त्यांच्यावरून लिहिलेले इंग्रजी इतिहास यांत हा अर्थ चालतो. समोर 'कोकण' असेल, तर डेक्कन म्हणजे आपला देश, घाटावरचा मुलूख. मुंबईच्या इंग्रजांच्या लेखनात बहुतेक वेळा हाच अर्थ असतो. समोर 'सदर्न मराठा कंट्री' किंवा 'कर्नाटक' असेल, तर अर्थ आणखी आकसतो: पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक, खानदेश एका बाजूला आणि बेळगाव, धारवाड, विजापूर दुसऱ्या बाजूला. आणि समोर सिंध असेल, तर प्रश्न दोन हैदराबादांचा असतो. सिंधमध्येही हैदराबाद आहे, त्यामुळे निजामाच्या राजधानीला 'हैदराबाद डेक्कन' म्हणायची पद्धत पडली. नामपल्लीच्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही हैदराबाद डेक्कन आहे.

काम करताना मूळ मजकुरात जिथे जिथे हा शब्द येईल तिथे समासात पेन्सिलीने ती विरुद्ध बाजू लिहून ठेवा: 'हिं', 'को', 'क', 'सिं'. एकाच प्रकरणात दोन वेगळी अक्षरं आली की समजा, वाचकाला तिथे काहीतरी सांगावं लागणार आहे.

पायरी २: काळ ठरवा, मग एक गाव घेऊन तपासा

बहमनी राज्य १३४७ मध्ये उभं राहिलं आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून त्याचे पाच तुकडे झाले: अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, वऱ्हाडची इमादशाही, बिदरची बरीदशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही. इंग्रजीत यांना एकत्रितपणे 'डेक्कन सल्तनेट्स' म्हणतात. हे नाव बिनधास्त वापरा, फक्त ते आजच्या इतिहासकारांनी दिलेलं सामूहिक नाव आहे हे ध्यानात ठेवा. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईवर लिहिताना 'डेक्कन सल्तनेट्सनी विजयनगरशी युद्ध पुकारलं' असं लिहिणं धोक्याचं. पाच जणांचं मिळून एखादं संघराज्य असल्यासारखं ते वाचलं जातं. शिवाय वऱ्हाडची इमादशाही त्या लढाईत नव्हतीच. नावं घेऊन लिहा.

त्याच सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज लेखनात मात्र डेक्कन म्हणजे पुष्कळदा एकटी विजापूरची आदिलशाही. गोवा त्यांनी १५१० मध्ये घेतला तो आदिलशहाकडून, रोजचा संबंध त्याच्याशी, म्हणून शेजाऱ्यालाच त्यांनी सगळ्या मुलुखाचं नाव देऊन टाकलं. गोव्याच्या इतिहासावर इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी पोर्तुगीज आधार वापरताना इथे थांबावं. 'डेक्कनच्या राजाशी तह' असं वाक्य आलं, तर इंग्रजीत सरळ 'सुलतान ऑफ बिजापूर' लिहून कंसात मूळ शब्द द्यावा.

मोगलांच्या काळात हा शब्द कारभाराचा झाला. शहाजहानच्या वेळी औरंगजेब दख्खनचा सुभेदार होता. पुढे विजापूर आणि गोवळकोंडा पडल्यावर खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बिदर, विजापूर, हैदराबाद असे दख्खनचे सहा सुभे झाले. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून आणलेल्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा याच सहा सुभ्यांच्या. इथे 'द सिक्स सुबाज ऑफ द डेक्कन' हेच लिहायचं आणि पहिल्या उल्लेखाला सहाही नावं द्यायची. 'सिक्स प्रॉव्हिन्सेस ऑफ महाराष्ट्र' असं भाषांतर माझ्या पाहण्यात आलेलं आहे. ते वाचून परदेशी वाचकाला चौथाईची व्याप्ती कळतच नाही, कारण हैदराबाद आणि विजापूर त्याच्या नकाशातून गळून पडतात.

अठराव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत आणखी एक गंमत आहे. 'सुबा ऑफ द डेकन' असं वाचलं की आपल्याला प्रांत आठवतो, पण त्या काळी इंग्रज 'सुबा' हा शब्द माणसालाही लावत. म्हणजे सुभेदार, म्हणजे निजाम. 'सुबा तंबूत आजारी पडला' अशा धर्तीचं वाक्य आलं तर गोंधळू नका.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि जिंकलेल्या मुलुखाचा कारभार एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याकडे आला. तिथून पुढे मुंबई सरकारच्या कागदांतला डेक्कन घाटावरच्या ब्रिटिश जिल्ह्यांपुरता होत गेला. कायद्यात तर तो आणखी लहान झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध उठाव झाला, तो पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, आणि इंग्रजीत त्याचं नाव 'डेक्कन रायट्स' पडलं. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' आला. हा कायदा सुरुवातीला लागू होता चारच जिल्ह्यांना: पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर. या कायद्यावर लिहिताना 'दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा' असं मोघम इंग्रजी केलं, तर बीड किंवा रायचूरच्या शेतकऱ्यालाही तो मिळाला असा समज होतो. ते दोन्ही निजामाच्या राज्यात होते.

हे सगळं लक्षात ठेवणं कठीण, म्हणून गाव घेऊन तपासायचं. विजापूर घ्या. पोर्तुगिजांच्या लेखी विजापूर म्हणजेच डेक्कन. मोगलांच्या लेखी डेक्कनचा एक सुभा. १८७९ च्या मुंबई सरकारच्या लेखी डेक्कनच्या बाहेर, कर्नाटकात. अचलपूर घ्या. इमादशाहीची राजधानी म्हणून ते डेक्कन सल्तनतींत येतं, वऱ्हाडच्या सुभ्यामुळे मोगल डेक्कनमध्येही येतं. पण १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, त्यामुळे मुंबईच्या डेक्कनशी त्याचा काही संबंध उरला नाही. बीड निजामाच्या डेक्कनमध्ये आहे, मुंबईच्या डेक्कनमध्ये नाही. आणि जंजिरा? समुद्रात उभा असलेला जंजिरा कुठल्याच भौगोलिक अर्थाने डेक्कन नाही, तरी १९३० च्या दशकात संस्थानांची 'डेक्कन स्टेट्स एजन्सी' झाली तेव्हा कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण, भोर यांच्या पंक्तीला जंजिरा आणि सावंतवाडीही बसवले गेले. कार्यालयीन सोयीपुढे सह्याद्रीसुद्धा आडवा येत नाही.

तुमच्या मजकुरातलं सगळ्यात महत्त्वाचं गाव घ्या आणि विचारा: या लेखकाच्या डेक्कनमध्ये हे गाव आहे का? उत्तर देता आलं तर अर्थ सापडला.

याच टप्प्यावर गावांच्या नावांचाही निकाल लावून टाका. औरंगाबादचं आता छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आहे. मोगल सुभ्याचं, निजामशाहीचं किंवा जुन्या जिल्ह्याचं नाव लिहिताना त्या काळचं नाव ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला आजचं नाव जोडा. 'संभाजीनगरचा मोगल सुभा' इंग्रजीत शोधणाऱ्याला काहीही सापडणार नाही.

मराठीत 'दक्षिण' असलं म्हणजे इंग्रजीत 'डेक्कन' असतंच असं नाही

ही वेगळी पायरी म्हणण्यापेक्षा दुसरीचीच दुसरी बाजू. बखरी आणि पत्रांत 'दक्षिण', 'दख्खन', 'देश', 'महाराष्ट्र', 'कर्नाटक' हे शब्द एकमेकांना घासून वावरतात. आपल्याला संदर्भाने कळतं. इंग्रजीत तो संदर्भ आपण पुरवायचा असतो.

ठळक उदाहरण शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयाचं. १६७७-७८ ची ही मोहीम जिंजी, वेल्लोर आणि तंजावरच्या बाजूला झाली. तिला 'डेक्कन कॅम्पेन' म्हटलं की इंग्रजी वाचकाला वाटतं, महाराज पुण्याच्या आसपासच कुठेतरी लढत होते. इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत ती 'कर्नाटक एक्स्पिडिशन' म्हणून येते. त्यातही एक काटा आहे. सतराव्या शतकातलं कर्नाटक म्हणजे आजचं कर्नाटक राज्य नव्हे, जिंजी आज तामिळनाडूत आहे. म्हणून पहिल्या उल्लेखाला 'आजच्या तामिळनाडूतला भाग' एवढी एक ओळ टाकावीच लागते.

'देश'साठी इंग्रजीत 'द देश' असं लिप्यंतर आता बरंच रुळलं आहे आणि मला तेच पसंत आहे. 'देशावर पाऊस कमी' या अर्थाच्या वाक्यात 'द डेक्कन' चालतं, कारण तिथे समोर कोकण आहे. पण 'देशस्थ'चं 'डेक्कनी ब्राह्मण' करू नका, 'देशस्थ' असंच ठेवा.

जोतिबा मात्र दख्खनचा राजा, आणि त्याचं इंग्रजी 'किंग ऑफ द डेक्कन' हेच. तिथे नकाशा काढत बसायची गरज नाही.

आणि 'दक्षिणा'! जुन्या इंग्रजी कागदांत 'दक्षिणा फंड', 'दक्षिणा प्राइज कमिटी', 'दक्षिणा फेलो' अशी नावं भेटतात. काही जण त्यांचंही 'डेक्कन' करून मोकळे होतात. हा संबंध दिशेशी नाही. पेशवे श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजांनी ती रक्कम हळूहळू शिक्षणाकडे आणि ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवली. गंमत अशी की हे दक्षिणा फेलो पुढे डेक्कन कॉलेजातही असत, त्यामुळे एकाच ओळीत दोन्ही शब्द येतात आणि घाईत असलेला अनुवादक घसरतो.

पायरी ३: आता व्याकरण

नाव एकटं आलं की त्याआधी 'द' हवाच. 'इन द डेक्कन', 'फ्रॉम द डेक्कन', 'द डेक्कन वॉज'. मराठीत उपपद नसल्यामुळे आपल्याकडून नेमकं तेच सुटतं, आणि मजकूर भाषांतरित आहे हे इंग्रजी वाचकाला पहिल्याच ओळीत कळतं. 'द पंजाब'मधला 'द' काळाच्या ओघात गेला, कोकणाच्या बाबतीत दोन्ही दिसतं, पण डेक्कनला तो अजून घट्ट चिकटून आहे. वाक्याच्या मध्ये हा 'द' लहान अक्षरात, डेक्कनचा 'डी' मोठा.

तोच शब्द दुसऱ्या नामाच्या आधी विशेषणासारखा आला, की 'द' त्या पुढच्या नामाच्या गरजेनुसार. 'अ डेक्कन फोर्ट' म्हणजे दख्खनमधला एखादा किल्ला, 'द डेक्कन प्लॅटो' म्हणजे ते ठरावीक पठार, आणि 'डेक्कन सल्तनेट्स' शीर्षकात 'द'शिवायही बरोबर. पोटभागांसाठी 'वेस्टर्न डेक्कन', 'ईस्टर्न डेक्कन', 'सदर्न डेक्कन' वापरा. दिशेचं अक्षर लहान ठेवलेलं बरं, कारण ही अधिकृत नावं नाहीत. सातवाहन काळाच्या लेण्यांवर लिहिताना 'वेस्टर्न डेक्कन' हा फार उपयोगी शब्द आहे. कार्ले, भाजे, जुन्नर, नाशिक यांना आजच्या राज्याचं नाव न देता एकत्र बांधता येतं.

'डेक्कन' आणि 'डेक्कनी' यांतला फरक ढोबळमानाने असा: जमीन, खडक, राज्यं आणि घटना यांना 'डेक्कन', माणसं, भाषा, चित्रकला यांना 'डेक्कनी'. 'डेक्कनी पेंटिंग' म्हणजे विजापूर, नगर, गोवळकोंडा इथली चित्रशैली. मेंढीची जात 'डेक्कनी', पण नदीतला मासा 'डेक्कन महसीर' आणि जुन्या व्यापारी पुस्तकांत आपल्या अंबाडीचं नाव 'डेक्कन हेम्प'. प्राणी-वनस्पतींना हा नियम लागू नाही, तिथे रूढ नाव शोधूनच लिहावं.

माणसांच्या बाबतीत बहमनी दरबारापाशी जरा थांबा. तिथे 'डेक्कनी' हे एका गटाचं नाव होतं. चौदाव्या शतकात उत्तरेतून येऊन इथेच रुजलेल्या मुसलमान सरदारांचा तो गट, आणि हबशी बहुधा त्यांच्या बाजूला. विरुद्ध बाजूला 'आफाकी', म्हणजे इराण, मध्य आशियातून नव्याने आलेले. १४८१ मध्ये बहमनी वजीर महमूद गावानचा बळी गेला तो या दोन गटांच्या वैरात. या 'डेक्कनी'चं 'लोकल्स' किंवा 'नेटिव्ह' असं इंग्रजी केलं, तर वाचक मराठी आणि कानडी रयतेला त्या कटात गोवेल.

भाषेसाठी 'दखनी', 'डेक्कनी', 'डेक्कनी उर्दू' असे तीन प्रकार इंग्रजीत दिसतात. कुठलाही एक घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. भाषेला 'दखनी' आणि चित्रांना 'डेक्कनी' असं वेगळं ठेवलं तर शोधणाऱ्याला बरं पडतं.

उच्चाराबद्दल एवढंच, की इंग्रजीत आघात पहिल्या अक्षरावर असतो आणि दोन 'सी' असले तरी 'क' दुहेरी होत नाही: 'डेकन'. गाइड म्हणून बोलताना उपयोगी पडेल. आपसात 'डेक्कन'च म्हणा, त्याला कुणाची हरकत नाही.

पायरी ४: जुन्या कागदांत शोधताना

आजच्या स्पेलिंगने जुनी सूची चाळली तर निम्मा खजिना हाती लागत नाही. सतराव्या-अठराव्या शतकात एकच 'सी' असलेलं डी-ई-सी-ए-एन खूप दिसतं. एकोणिसाव्या शतकात डी-ई-के-एच-ए-एन आणि डी-ए-के-एच-ए-एन येतात. डी-ई-के-के-ए-एन हे रूप विद्वानांच्या आवडीचं: रा. गो. भांडारकरांच्या १८८४ च्या प्राचीन दख्खनच्या इतिहासाच्या इंग्रजी शीर्षकात तेच आहे, आणि जर्मन लेखनातही. सगळ्यात फसवं डी-यू-के-एच-यू-एन. कर्नल साइक्स १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी या मुलुखाची माहिती गोळा करत हिंडला. पक्षी, मासे, खडक, जमीनमहसूल, सगळंच. त्याचे १८३० च्या दशकातले निबंध या स्पेलिंगखाली आहेत. पुण्याभोवतीच्या पक्ष्यांचा इतिहास शोधणाऱ्याने हे स्पेलिंग टंकलं नाही, तर साइक्स भेटायचाच नाही.

जोडीचे शब्दही जुन्या वेषात शोधा. मराठा एच-आर असलेल्या 'माहराट्टा' रूपात, कोकण 'सी'ने, खानदेश 'कांदेइश' म्हणून, पेशवा 'पैश्वा' म्हणून. एल्फिन्स्टनच्या प्रसिद्ध अहवालाच्या शीर्षकात पेशव्याचं असंच झालेलं आहे. उद्धृत करताना मूळ स्पेलिंग जसंच्या तसं ठेवायचं, आपल्या वाक्यात आजचं वापरायचं.

पठार आणि खडक एक नव्हेत

भूगोलावर लिहिणाऱ्यांसाठी थोडंसं. 'डेक्कन प्लॅटो' म्हणजे दोन घाटांमधलं, पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जाणारं पठार. 'डेक्कन ट्रॅप्स' म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींतून थरावर थर साचलेला बेसॉल्ट. 'ट्रॅप' इथे सापळा नव्हे, पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून तो आला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर आडवे टप्पे दिसतात, ते या पायऱ्या. हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे आणि त्यात माळवा, सौराष्ट्र, कच्छ, मुंबईची बेटं येतात. यांतलं काहीच इतिहासाच्या नेहमीच्या अर्थाने डेक्कन नाही. उलट गोवळकोंडा भर डेक्कन पठारावर आहे आणि उभा आहे ग्रॅनाइटवर. म्हणून किल्ल्याच्या फलकावर 'डेक्कन ट्रॅप' लिहिण्याआधी दगड बघा. रायगड, राजगड, देवगिरी चालतील. गोवळकोंडा चालणार नाही.

संस्थांची आणि ठिकाणांची नावं

डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४), डेक्कन सभा (१८९६), डेक्कन जिमखाना (१९०६), डेक्कन कॉलेज ही नावं जशी आहेत तशी लिहायची. यांतला 'डेक्कन' बहुतेक मुंबई इलाख्याच्या अर्थाचा आहे, तो उलगडून सांगायची गरज नसते. 'डेक्कन क्वीन' ही १ जून १९३० पासून धावणारी गाडी. तिचं मराठी 'दख्खनची राणी' छान वाटतं, पण ते परत इंग्रजीत नेताना 'क्वीन ऑफ द डेक्कन' होऊ देऊ नका, कारण ते बिरुद पुणे शहराला लावलं जातं. वाचक स्टेशनवर शहर शोधत बसेल.

पुण्यात नुसतं 'डेक्कन' म्हणजे जिमखान्याच्या आसपासचा भाग. 'डेक्कनला भेटू' हे वाक्य इंग्रजीत नेताना 'डेक्कन जिमखाना एरिया' लिहा आणि इथे 'द' अजिबात नको. 'लेट्स मीट इन द डेक्कन' असं म्हटलं, तर भेट नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत कुठेही होऊ शकते.

एक परिच्छेद करून बघू

समजा मूळ मराठी असं आहे: 'औरंगजेब १६८१ च्या अखेरीस दक्षिणेत उतरला. पुढे राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला गेले. देशावरच्या किल्ल्यांना वेढे पडत राहिले. शेवटी १७०७ मध्ये बादशहा दख्खनच्या मातीत गेला.'

पहिल्या वाक्यातलं 'दक्षिणेत' दिल्लीकडून बघितलेलं, समोर हिंदुस्थान. तिथे 'द डेक्कन'. तो आधी बुऱ्हाणपुराला पोहोचला, ते आज मध्य प्रदेशात असलं तरी खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं होतं, म्हणजे मोगलांच्या हिशेबाने तो डेक्कनमध्ये आलेला होता. दुसऱ्या वाक्यातलं 'दक्षिणेत' महाराष्ट्राकडून बघितलेलं. तिथे 'डेक्कन' लिहिलं तर राजाराम महाराज औरंगजेबाच्या छावणीकडेच निघाल्यासारखे दिसतील. 'सदर्न' किंवा 'फार टु द साउथ' अशी रचना करून जिंजी तामिळ मुलुखात असल्याचं सांगायचं. तिसऱ्यातला 'देश' म्हणजे 'द देश', पहिल्यांदा येत असेल तर 'घाटावरचा मराठी मुलूख' असा तीन-चार शब्दांचा खुलासा जोडून. चौथ्यात पुन्हा 'द डेक्कन'. मृत्यू अहमदनगरजवळ आणि कबर खुलताबादेत, म्हणजे मोगलांच्या आणि भूगोलाच्या दोन्ही अर्थांनी शब्द बसतो. चार वाक्यांत चार शब्द होते, इंग्रजीत त्यांचे तीन वेगळे पर्याय झाले, आणि दोनदा आलेला 'दक्षिण' दोनदा वेगळा झाला.

मजकूर मोठा असेल तर पहिल्याच पानावर तळटीप द्या: 'या पुस्तकात द डेक्कन म्हणजे अमुक ते अमुक भाग, अमुक काळापुरता.' दोन ओळी पुरतात. नकाशाच्या खाली मात्र 'मॅप ऑफ द डेक्कन' एवढंच लिहून सोडू नका, वर्ष टाका. १६३६, १७१९ आणि १८७९ चे तीन नकाशे एकमेकांवर ठेवले तर सीमा जुळत नाहीत. शेवटच्या सूचीत नोंद 'डी'खाली करायची, 'द' मोजायचा नाही, आणि 'डेक्कनी' हा गट, ही भाषा आणि ही चित्रशैली यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवायच्या.